लिलाव चालू ठेवून केलेलं आंदोलन

कांदा आंदोलनाची बातमी आली की फोटो ठरलेला असतो. रस्त्यावर ओतलेला कांदा आणि त्यावर उभं राहून घोषणा देणारी पोरं. तो कांदा कुणाचा होता, हे कधी छापून येत नाही. आमच्याकडे तरी एक एकरवाल्याने आपला माल रस्त्यावर ओतल्याचं मी पाहिलेलं नाही. त्याला ते परवडतच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा आमच्या गावात पहिला वाद याच्यावरूनच झाला, आणि पुढचं सगळं त्या वादातून ठरत गेलं.

आमचा पट्टा नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, अवर्षणाचा. नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं आणि धरणं आठवतात. ती सगळी पश्चिमेला. आमच्या विहिरी संक्रांतीनंतर तळ दाखवायला लागतात. त्यामुळे उन्हाळ कांदा करायचा तो शेततळंवाल्यांनी नाहीतर कालव्याजवळच्यांनी. बाकी आम्ही सगळे लाल कांद्यावर. पोळ्याच्या मागंपुढं लागवड करायची आणि डिसेंबरात काढायचा. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत चार-पाच महिने राहतो, भाव बघून बाहेर काढता येतो. लाल कांद्याला तेवढा दम नसतो. उपटून पात कापली की दोन-तीन आठवड्यांत विकून मोकळं व्हायचं, नाहीतर ढिगातच कोंब फुटतात. थोडक्यात, थांबायची सोय ज्याच्याकडे आहे तो आधीच बऱ्यापैकी शेतकरी असतो.

२०२३ साल असं गेलं. फेब्रुवारी-मार्चात भाव इतके पडले की शेवटी राज्य सरकारला क्विंटलला ३५० रुपये अनुदान द्यावं लागलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. लगेच व्यापाऱ्यांनी बाजार समितीतले लिलाव बंद ठेवले. मग केंद्राने आणखी २ लाख टन कांदा २४१० रुपये क्विंटलने घेऊ म्हणून जाहीर केलं. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव बंद ठेवले, ते ऑक्टोबर उजाडेपर्यंत. ऑक्टोबरच्या शेवटी किमान निर्यातमूल्य टनाला ८०० डॉलर झालं, म्हणजे किलोला साधारण ६७ रुपयांच्या खाली कांदा बाहेर पाठवायचा नाही. २६ नोव्हेंबरला अवकाळी आणि गारा. ज्यांचा कांदा त्यातून वाचला, त्यांच्यासाठी ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ३१ मार्चपर्यंत.

बाहेरच्या माणसाला वाटतं शुल्क व्यापारी भरतो, शेतकऱ्याचं काय जातं? लिलावात उभं राहिलं की कळतं. निर्यातदार बाहेरचा भाव धरतो, त्यातून शुल्क, भाडं, स्वतःचा नफा वजा करतो आणि उरेल तो आकडा आपल्या ट्रॉलीवर पुकारतो. त्या साखळीत ज्याच्याकडे पुढे ढकलायला कुणी नाही तो शेतकरी. बंदी आल्यावर तर निर्यातदार लिलावाला फिरकलाच नाही. क्विंटलला साडेतीन हजाराच्या आसपास चाललेला कांदा पंधरवड्यात दोन हजारांच्या खाली आला.

बंदीच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. बायका सहसा तिथे जात नाहीत, पण त्या दिवशी आम्ही गेलो, कारण घरोघर तोच विषय चालला होता. तरुण पोरांचं म्हणणं, हायवे अडवायचा आणि बाजार समिती बंद पाडायची. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर लोक उतरल्याचे व्हिडिओ फिरत होते. पुढे ११ तारखेला शरद पवारही तिथल्या रास्ता रोकोला आले. आमच्यातले आप्पा १९८० च्या कांदा आंदोलनातले. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची सभा ऐकायला बापाच्या बैलगाडीतून गेलेले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा ते अजून त्याच चालीत म्हणतात. त्यांचंही मत बंदच्या बाजूने. “तेव्हा आम्ही माल घरात ठेवला होता, म्हणून सरकार हललं,” असं ते म्हणाले.

त्यावर आमच्या शेजारच्या काकू उठल्या. नवरा नाही, दीड एकर रान, एक मुलगी बारावीला. म्हणाल्या, “बंद पाडा की. पण माझी ट्रॉली उतरल्यावर पाडा.”

लोक हसले. मग कुणालाच पुढे बोलता येईना.

कारण काकू जे बोलल्या ते निम्म्या गावाचं होतं. ऑगस्ट-सप्टेंबरातले बंद आम्ही पाहिले होते. ते व्यापाऱ्यांचे होते, त्यांच्या मागण्यांसाठी होते, आणि चाळीतला कांदा सडला तो शेतकऱ्याचा. लिलाव चार दिवस बंद राहून पाचव्या दिवशी उघडले की एकदम आवक होते आणि भाव आणखी आपटतो. ज्याच्या घरी सोसायटीचं कर्ज, खतवाल्याची उधारी आणि मजुरांची बाकी आहे, त्याला पहिल्या दिवशी माल विकायचाच असतो. बंद म्हणजे लहान शेतकऱ्याने लहान शेतकऱ्यालाच वेठीला धरणं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. आप्पांना ते पटलं नाही. त्यांच्या काळी सगळे एकदिलाने थांबले, असं ते म्हणतात. असतीलही. पण तेव्हा एवढी उधारी नव्हती.

रात्री उशिरापर्यंत चर्चा होऊन एक गोष्ट पक्की झाली. सकाळचा लिलाव कुणी अडवायचा नाही. जे करायचं ते माल विकून झाल्यावर.

पण करायचं काय? इथे आमचा बचत गट उपयोगी पडला, तोही जरा आडवाटेने. अनुदानासाठी अर्ज केला तेव्हा विक्रीच्या पट्ट्या, कांद्याची नोंद असलेला सातबारा आणि बँक पासबुक, हे सगळं मागितलं होतं. ज्यांनी ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, केली नव्हती त्यांची दमछाक झाली, ज्यांच्या पट्ट्या हरवल्या होत्या ते सरळ बाद. तेव्हापासून गावातल्या बायकांनी हिशोबपट्टी जपायची सवय लावून घेतली होती. पुरुषांच्या खिशात राहिलेली पट्टी शर्टासोबत धुतली जाते. आमच्या पट्ट्या रेशनकार्डाच्या पिशवीत होत्या.

त्या आम्ही गोळा करायला घेतल्या. बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या वेगळ्या. हिशोबपट्टी म्हणजे तळहाताएवढा गुलाबी किंवा पिवळा कागद. वर व्यापाऱ्याचं नाव, खाली वजन, दर, रक्कम, मग हमाली, तोलाई, वाराई अशी कपात, आणि सगळ्यात खाली हातात पडलेला आकडा. कार्बनचा कागद असला की दोन महिन्यांत अक्षर पुसट होतं. म्हणून गटातल्या एका सुनेने प्रत्येक पट्टीचा फोटो काढला आणि दोनशे पानी वहीत रकाने आखून उतरवून घेतलं. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे. पुढे ती वही जिथे जिथे गेली तिथे साहेब लोकांनी आधी अक्षराचं कौतुक केलं, मग मजकूर वाचला.

खर्चाच्या रकान्यावरून मात्र घराघरांत भांडणं झाली. नांगरट, रोटा, उळे (कांद्याचं बी), खत, फवारणी, लागवडीची मजुरी, काढणी, गाडीभाडं, इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. मी म्हटलं, घरची मजुरीही लिहा. माझ्या घरातच विरोध झाला. “घरचं काम कुणी धरतं का?” लागवडीला अकरा बायका रोजाने लावल्या आणि बारावी मी होते, अकरा जणींचा रोज खर्चात आणि माझा फुकट, हे कोणत्या गणितात बसतं? गावातला एक मुलगा कृषी पदविका झालेला आहे. त्याने सांगितलं की हमीभावाच्या हिशोबात सरकारसुद्धा घरची मजुरी धरतं, ए-टू (प्रत्यक्ष केलेला खर्च) अधिक एफ-एल (घरची मजुरी) म्हणतात त्याला. आणि स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीवरून शेतकरी जो सी-टूचा हिशोब मागतात, त्यात तर स्वतःच्या जमिनीचा खंड, म्हणजे भाडंही येतं. कांद्याला हमीभावच नाही ही गोष्ट वेगळी. पण सरकारी हिशोबात धरतात म्हटल्यावर पुरुष मंडळी गप्प बसली. आमच्या सांगण्याने बसली नव्हती, हे इथे नोंदवून ठेवते.

वही भरत गेली तसं चित्र दिसायला लागलं. गारांमुळे उतारा घटलेला, त्यामुळे बहुतेकांचा खर्चच क्विंटलला सतराशे-अठराशेच्या आसपास जात होता. बंदीनंतरच्या बहुतेक पट्ट्या त्याच्या खाली. म्हणजे आंदोलनात जे आपण ‘उत्पादन खर्चही निघत नाही’ म्हणून ओरडतो, ते आता नावानिशी, तारखेनिशी कागदावर होतं.

वही घेऊन आम्ही २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गेलो. त्याआधी महिला ग्रामसभा असते, जी आमच्याकडे एरवी सह्यांपुरतीच होते. त्या वर्षी ती खरोखरची झाली. मुख्य सभेत ग्रामसेवक म्हणाले, विषयपत्रिकेत हा विषय नाही. पण ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ असा एक विषय शेवटी असतोच. सरपंचांनी त्यात घेतला. गणपूर्ती लागते ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. त्या दिवशी मोजायची वेळच आली नाही, शाळेचं मैदान भरलं होतं.

ठरावाचा मसुदा मी आणि त्या कृषी पदविकावाल्या मुलाने केला होता. त्यात तीनच गोष्टी. निर्यातबंदी उठवावी. ती उठेपर्यंत लाल कांद्याला झालेल्या तोट्याची भरपाई मिळावी. आणि पुढे बंदी किंवा शुल्क लावायचं असेल तर लागवडीच्या आधी सांगावं, काढणीच्या वेळी नाही. तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. २०१९ मध्ये बंदी आली, २०२० मध्ये आली, २०२३ मध्ये आली. २०२० मध्ये तर आवश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती करून कांदा मोकळा केला म्हणून सांगितलं, आणि त्याच सप्टेंबरात निर्यात बंद. शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त मिळावा याला आमचा विरोध नाही. पण रोप लावताना एक नियम आणि काढताना दुसरा, यात फक्त लावणारा मरतो.

शेजारच्या गावांनीही असेच ठराव केले. आमच्या वहीचे रकाने त्यांनी जसेच्या तसे उतरवून घेतले. सगळं मिळून आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. निवेदन द्यायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: फोटो नंतर काढा, आधी पोहोच घ्या. साहेबांच्या हातात निवेदन देतानाचा फोटो व्हॉट्सॲपला चालतो, कामाला येतो तो आवक-जावक टेबलावरचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. तिथल्या बाईंनी शिक्का मारायला टाळाटाळ केली. काकू म्हणाल्या, “बाई, बाजारात पट्टी घेतल्याशिवाय आम्ही ट्रॉली सोडत नाही. इथं कशी सोडू?” शिक्का मिळाला.

फेब्रुवारीच्या मध्याला भलताच प्रकार झाला. बंदी उठल्याची बातमी टीव्हीवर आली, लिलावात भाव एकदम वर गेला, गावात पेढे वाटायचं बाकी राहिलं. दोन दिवसांत दिल्लीहून खुलासा आला की बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे. भाव पुन्हा खाली. ज्यांनी त्या दोन दिवसांत विकला ते तरले. आमच्या गावात तोवर जे रस्त्यावर न उतरता थांबले होते, त्यांचाही धीर त्या खुलाशाने सुटला आणि रास्ता रोकोची तारीख ठरली.

वेळ ठरवताना पुन्हा तीच अट पाळली. सकाळी लिलाव. बारावीची परीक्षा चालू होती, पेपर दोननंतर सुटतो, म्हणून रस्त्यावर बसायचं ते तीननंतर. रुग्णवाहिका आणि दुधाच्या गाड्या सोडायच्या. कांदा ओतायचा नाही. कुणी फेकलाच तर उचलून ट्रॉलीत टाकायचा. आदल्या रात्री ठाण्यातून कलम १४९ च्या नोटिसा आल्या, तेव्हा अजून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिताच होती. नोटीस म्हणजे तुम्ही असं करणार असल्याचं समजलं आहे, केलं तर जबाबदार तुम्ही. ती घेऊन हवालदार दारात उभा राहिल्यावर दोन-तीन घरांत रडारड झाली. पासपोर्ट मिळणार नाही, पोराला पोलीस भरतीत अडचण येईल, असं कुणीतरी पसरवलं होतं. म्हणून ज्यांची मुलं भरतीची तयारी करतात त्या घरांनी पाणी आणि चहा सांभाळायचा, रस्त्यावर बसायचं नाही, असं रातोरात ठरलं.

रस्त्यावर आम्ही तासाभरापेक्षा थोडे जास्त बसलो. भाषणं कमी, वाचन जास्त. वहीतली एकेक ओळ माईकवर वाचायची: नाव, क्षेत्र, विक्रीची तारीख, दर, हातात पडलेली रक्कम, खर्च. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं. घोषणांनी लोक चेकाळतात, आकड्यांनी उलट गप्प होतात, हे मी तिथे पाहिलं. अडकलेल्या एका ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून ऐकायला बसला. तो मध्य प्रदेशचा कांदावालाच निघाला.

मग पोलिसांनी उठवलं. व्हॅनमध्ये घालून जवळच्या मंगल कार्यालयात नेलं. आदल्या दिवशीच्या लग्नाची मांडवाची फुलं अजून तिथेच होती आणि आम्हाला वधूपक्षाच्या खोलीत बसवलं, यावर बायका नंतर आठवडाभर हसत होत्या. महिला पोलीस नावं लिहून घेत होती. व्यवसाय काय, म्हणाली. शेती, म्हटलं. सातबारा कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या. “मग तुमचा व्यवसाय घरकाम लिहू का?” मी तिला शेती लिहायला लावलं. तिने मान वर करून पाहिलं, आणि लिहिलं. म्हणाली, “माझ्या माहेरीपण कांदाच आहे.” अंधार पडायच्या आत सोडलं. पुरुषांपैकी काहींवर रस्ता अडवल्याचा आणि जमावबंदी मोडल्याचा गुन्हा नोंदवला.

यातून लगेच काही झालं का? नाही. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. मार्चच्याच चौथ्या आठवड्यात बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली. आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून: आमच्या निवेदनाचं काय झालं? उत्तर मुदतीत आलं. ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव वरिष्ठ कार्यालयास सादर’ असं एक पत्र, आणि त्यासोबत आमचंच निवेदन. वहीच्या प्रती जोडलेल्या नव्हत्या.

एप्रिलमध्ये उमेदवार गावात यायला लागले. इतर गावांत पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले होते. आम्ही येऊ दिलं. पण पारावर वही ठेवली होती आणि भाषणाच्या आधी तिची दोन पानं मोठ्याने वाचायची, असा नियम केला. मग आमचा तिसरा मुद्दा: काढणीच्या वेळी बंदी आणणार नाही, असं लिहून देता का? कुणी दिलं, कुणी ‘पक्षाशी बोलून सांगतो’ म्हणालं. एकाने पानं वाचून होईपर्यंत गाडीतून उतरायचंच टाळलं. त्याच महिन्याच्या शेवटी गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली आणि आमच्याकडे जी चीड उसळली ती कोणत्याच सभेने शमण्यासारखी नव्हती. ४ मेला बंदी उठली, ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मेला मतदान झालं. दिंडोरीची लोकसभेची जागा सत्ताधाऱ्यांनी गमावली.

आमच्या वहीमुळे काही बदललं असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, तेव्हा विधानसभा तोंडावर होती. उरलेलं शुल्क १ एप्रिल २०२५ पासून हटलं, तेव्हा तर बाजारात इतका माल होता की उठवलं काय आणि ठेवलं काय. शुल्क गेल्यावरही भाव चढला नाही. परक्या बाजारातली गिऱ्हाइकं आम्ही बंद असताना दुसरीकडे वळली, ती एका अधिसूचनेने परत येत नाहीत. लाल कांद्याच्या तोट्याची भरपाई आजवर मिळालेली नाही.

वही चालू आहे. आता ती तिसरी. त्यात एक रकाना वाढवला आहे: त्या आठवड्यात केंद्राचा किंवा राज्याचा काय निर्णय आला. मागची पानं चाळली की कुणालाही दिसतं की निर्णयाची तारीख आणि आमच्या काढणीची तारीख किती वेळा शेजारी शेजारी येते. मजुरीचा रकाना आता कुणी वादात काढत नाही. मात्र चार घरांनी वहीत पट्ट्या देणं बंद केलं. कर्जाची बाकी गावाला दिसते म्हणून. त्यांचं चूक नाही. नाव न लिहिता नुसता जमिनीचा गट नंबर घ्यायचा का, यावर अजून एकमत झालेलं नाही.

यंदा भाव पडल्यावर पोरांनी पुन्हा बाजार समिती बंद पाडायची भाषा सुरू केली आहे, आणि आप्पा पुन्हा त्यांच्या बाजूने आहेत. त्यावर बोलायला बैठक ठेवली आहे. रविवारी, कारण त्या दिवशी लिलाव नसतो.